पारंपरिक उपचारांकडे लोकांचा ओढा : कारणे आणि आपली भूमिका

संस्थेच्या वार्षिक अहवालात रुग्णसेवेचा तपशील, ताळेबंद व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचा ऊहापोह करणारा लेख असावा, असा प्रघात आहे. त्यानुसार यंदा आपल्या परिसराशी निकटचा संबंध असलेला एक विषय निवडला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रावर भाष्य करण्याचा त्याचा अधिकार नाही. तथापि नोंदणीच्या खिडकीपासून देयकाच्या खिडकीपर्यंत रुग्ण व नातेवाईक यांच्यात जे बोलणे होते ते प्रशासकाच्या कानावर नित्य पडत असते. चौसाळा व भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : “आधी गावातलं औषध केलं, गुण आला नाही म्हणून इकडं आलोत.”

या साध्या वाक्यात मोठा आशय दडलेला आहे. रुग्णाच्या लेखी रुग्णालय हे पहिले नव्हे, तर दुसरे किंवा तिसरे ठिकाण असते. पहिल्या ठिकाणी गेलेला काळ काही आजारांत निरुपद्रवी ठरतो, तर काही आजारांत तोच काळ जीवावर बेततो. म्हणून लोक तिकडे का जातात, हे समजून घेणे आवश्यक आहे. ‘अडाणीपणा’ या एका शब्दात त्याचे उत्तर सामावत नाही.

‘गावातलं औषध’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाखाली अनेक भिन्न गोष्टी एकत्र येतात. पहिला वर्ग शासनमान्य पदवीधर वैद्यांचा. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यातील आंतरवासिता पूर्ण करून हे वैद्य नोंदणीकृत होतात. दुसरा वर्ग यूनानी हकिमांचा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि निजामी राजवटीने यूनानी वैद्यकाला राजाश्रय दिला होता. हकिमाकडे जाण्याची रीत आपल्या भागात धर्माच्या भिंती ओलांडून रुजली, त्याचे एक कारण हे आहे. तिसरा वर्ग परंपरेने विद्या चालत आलेल्यांचा : हाडवैद्य, काविळीचे औषध देणारे, मूळव्याधीवर पाला देणारे. चौथा वर्ग बाजारात जडीबुटी मांडून बसणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांचा, आणि पाचवा मंत्र-अंगाऱ्याने उपचार करणाऱ्यांचा.

या पाचही वर्गांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. पदवीधर वैद्य कायद्याने उत्तरदायी असतो. फिरता विक्रेता पुढच्या बाजाराला भेटेलच याची शाश्वती नसते. त्यातच महाराष्ट्र शासनाने १९९२च्या अधिसूचनेद्वारे आयुर्वेद व यूनानीच्या नोंदणीकृत पदवीधरांना काही मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. परिणामी खेड्यातील रुग्ण ज्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतो ते पुष्कळदा आयुर्वेदाचेच पदवीधर असतात. लोकव्यवहारात या पद्धतींमधील सीमारेषा पुस्तकातल्याइतकी ठळक नाही.

आकडेवारी काय सांगते?

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७१व्या फेरीत (जानेवारी ते जून २०१४) मागील पंधरा दिवसांतील आजारपणांची चौकशी केली गेली. त्यात सुमारे ९० टक्के उपचार आधुनिक वैद्यकाचे आढळले; आयुर्वेद, यूनानी, होमिओपॅथी आदींचा वाटा ५ ते ७ टक्के इतकाच होता. पुढे ७९व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) केवळ आयुष पद्धतींविषयी स्वतंत्र सर्वेक्षण झाले. देशभरातील १,८१,२९८ कुटुंबांची पाहणी करून काढलेला निष्कर्ष असा की, मागील वर्षभरात ग्रामीण भागातील सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५३ टक्के व्यक्तींनी प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी आयुष पद्धतींचा अवलंब केला.

वरवर पाहता आठ-नऊ वर्षांत सात टक्क्यांचे जवळजवळ पन्नास टक्के झाले असे वाटेल. परंतु हिशेब पाहणाराने दोन भिन्न खात्यांतील रकमांची बेरीज-वजाबाकी करू नये. पहिल्या पाहणीत पंधरा दिवसांतील आजार विचारला होता. दुसरीत संपूर्ण वर्ष आणि प्रतिबंधक उपायही धरले होते. दोन्ही आकडे एकत्र वाचले म्हणजे खरे चित्र दिसते. ऐन आजारात बहुसंख्य लोक आधुनिक उपचारच घेतात. त्याच वेळी घरात चूर्ण, काढा, तेल, आसव यांचाही वापर चालू असतो. म्हणजे रुग्णाने एक पद्धत सोडून दुसरी धरलेली नसते. तो दोन्ही एकदम चालवीत असतो. आणखी एक बाब लक्षणीय आहे. शहरातील प्रमाण खेड्यापेक्षा अधिक आहे. तेव्हा हा ओढा केवळ शिक्षणाच्या वा सोयींच्या अभावातून उत्पन्न होतो, हा समज टिकत नाही.

ओढ्याची कारणे

पहिले कारण आजाराच्या स्वरूपात आहे. सांधेदुखी, कंबरदुखी, आम्लपित्त, मूळव्याध, त्वचारोग, जुनाट खोकला या तक्रारी माणसाला मारीत नाहीत, पण सोडीतही नाहीत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे, स्नायू वा हाडांच्या दुखण्याचा त्रास असल्याचे आढळले. आपल्या भागातील कष्टकरी वर्गाची स्थिती याहून सुखाची असण्याचे कारण नाही. अशा दुखण्यावर वेदनाशामक गोळी काही तास काम करते, नंतर दुखणे परतते. मग रुग्ण मुळावर घाव घालणाऱ्या औषधाच्या शोधात निघतो.

दुसरे कारण पैसा आणि दिवस. वरील सर्वेक्षणानुसार आयुष उपचारांवर वर्षभरात माणशी सरासरी खर्च ग्रामीण भागात ४७२ रुपये व शहरी भागात ५७४ रुपये होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्याच ७५व्या फेरीत (२०१७-१८) एका वेळच्या रुग्णालयातील दाखल्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला होता. हे दोन्ही खर्च एका जातीचे नाहीत. तरीही रुग्णाच्या मनात तुलना होतेच, कारण वैद्याकडे पुडीची किंमत आधी कळते आणि रुग्णालयात देयकाचा आकडा शेवटी कळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने दाखल रुग्णांच्या मोठ्या उपचारांचा भार हलका केला, तसेच १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. तथापि जाण्यायेण्याचे भाडे, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोजगार आणि बाहेरून आणावी लागणारी औषधे यांचा भार पुष्कळदा रुग्णावरच राहतो.

ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने एक दिवस कामावर न जाणे म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड जोडप्याच्या हिशेबातून वळता होतो. फडावर असताना दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडणे आणि वर दंड भरणे. अशा माणसाला गाठोड्यात नेता येईल अशा चूर्णाचा आणि तेलाच्या बाटलीचा आधार वाटला, तर त्यात नवल ते काय?

तिसरे कारण शस्त्रक्रियेची भीती. “ऑपरेशन सांगतील” या धास्तीने रुग्णालयाची पायरी न चढणारे अनेक आहेत. ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणण्याची सोय आपल्या जिल्ह्याला राहिलेली नाही. २०१९ मध्ये जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोडणी महिला कामगारांची शासकीय पाहणी झाली. त्यांपैकी १३,८०० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. या विषयाचा विधिमंडळात आणि देशभर ऊहापोह झाला. पांढऱ्या प्रदरासारख्या, औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारीसाठीही गर्भाशय गमवावे लागल्याचे अनेकींनी सांगितले. हे ज्यांनी शेजारी-पाजारी पाहिले, त्या बाया अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन प्रथम पाला देणाऱ्या म्हातारीकडे गेल्या, तर दोष कोणाचा? विश्वास हीदेखील एक ठेवच आहे. एकाने ती बुडवली की पत सर्वांचीच जाते.

चौथे कारण संवाद. वैद्य रुग्णाला बसवतो, नाडी पाहतो, भूक, झोप, शौच, खाणे यांची विचारपूस करतो आणि “पित्त वाढलंय, वातूळ खाऊ नका” असे रुग्णाच्या भाषेत सांगतो. वात, पित्त, कफ, उष्ण, थंड हे शब्द मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. ते घरातच कानावर पडलेले असतात. याउलट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णाला काही मिनिटांहून अधिक वेळ देणे जमत नाही, आणि तपासणीच्या अहवालातील शब्द रुग्णाला परके असतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे ऐकून दुखणे तसेच घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला आपले ऐकूनच घेतले नाही असे वाटते.

पाचवे कारण अनुभव आणि साक्ष. गावात निर्णय एकटा रुग्ण घेत नाही; सासू, चुलते, शेजारी मिळून घेतात. “अमक्याला तिथं गुण आला” ही साक्ष कोणत्याही जाहिरातीहून प्रभावी ठरते. अलीकडे त्यात दूरचित्रवाणी व मोबाइलवरील प्रचाराची भर पडली असून, २०२०-२१ च्या करोना साथीत काढे आणि गुळवेल घरोघर पोहोचली. शासनाच्या धोरणाचाही यात वाटा आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांत आयुष कक्ष उघडण्यास चालना दिली, आणि २०१४ मध्ये केंद्रात स्वतंत्र आयुष मंत्रालय स्थापन झाले.

गुण येतो, तो कशाने?

या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. काही उपचार खरोखर गुणकारी आहेत. भगंदरावरील क्षारसूत्राचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर ५०२ रुग्णांची चाचणी घेऊन १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने जखम भरण्यास ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. गुडघ्याच्या संधिवातावर डॉ. चोपडा यांच्याच गटाने ४४० रुग्णांवर केलेली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही सुंठ-गुळवेलयुक्त योगांना अनुकूल ठरली. मात्र त्यातील काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे निर्देशांक वाढलेले दिसले, हेही संशोधकांनी नमूद केले.

दुसरे उत्तर असे की, काही आजार आपण होऊन बरे होतात आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. त्या अवधीत गळ्यात माळ घातली, नाकात थेंब टाकले वा काहीच केले नाही, तरी परिणाम बहुधा तोच. परंतु पित्ताच्या खड्याने वा गाठीने मार्ग अडून झालेली कावीळ माळेने उतरत नाही, आणि गर्भवती स्त्रीची कावीळ प्राणघातक ठरू शकते. डोळे दोघांचेही पिवळेच दिसतात. फरक तपासणीशिवाय कळत नाही. सर्पदंशाचेही असेच. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राने ‘वाचतात’ आणि मांत्रिकाची कीर्ती वाढते.

तिसरे उत्तर आश्वासनाचे. कोणी आपले ऐकले, पथ्य सांगितले, अंगाला तेल चोळले, याने वेदना सहन करण्याचे बळ वाढते. ही बाब क्षुल्लक लेखू नये. रुग्णालयांनीही ती शिकण्यासारखी आहे.

कोठे थांबू नये

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा दंश झाल्यास सर्पविषावरील लस हाच उपाय आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. दंश झालेला अवयव न हलवता, न कापता, न आवळता रुग्णास सरळ रुग्णालयात न्यावे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर वेळेवर लस घेतली नाही आणि लक्षणे उमटली, तर जगात कोठेही खात्रीचा इलाज नाही. राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हाच ठरवला आहे.

हाडवैद्याने बांधलेल्या कामट्या घट्ट झाल्या आणि बोटे थंड, बधिर वा निळी पडली, तर ती बांधणी तत्काळ सोडवावी. विलंबाने हात वा पाय कापावा लागतो. मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची व क्षयाची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून आपण होऊन बंद करू नयेत. छातीत दुखणे, एका अंगातील शक्ती जाणे, बाळंतिणीचा रक्तस्राव यांत तर घटकाही दवडू नये.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूतही तपासून घ्यावी. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दर्शविली. वाद तज्ज्ञांचा आहे, सावधगिरी मात्र आपली. लेबल, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेली पुडी घेऊ नये, आणि असाध्य रोग हमखास बरा करण्याची जाहिरात करणाऱ्यापासून दूर राहावे. ठरावीक रोगांबाबत अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे.

विंचवाचा धडा

लोकांचा कल उपदेशाने बदलतो की अनुभवाने, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे मृत्यूची छाया होती. गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा दगावे. जेथे दवाखान्यातही रुग्ण मरतो, तेथे लोक मांत्रिकाकडे जाणारच. डॉ. बावस्करांनी रुग्णांशेजारी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग शोधला आणि १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या घरात आले. गोळी स्वस्त होती, जवळ मिळत होती, आणि माणूस वाचत होता. लोकांची पावले दवाखान्याकडे वळण्यासाठी याहून वेगळ्या प्रचाराची गरज उरत नाही.

आपली भूमिका

वरील विवेचनाचा इत्यर्थ इतकाच की, लोकांना वैद्याकडे नेणारी बहुतेक कारणे त्यांच्या व्यवहाराशी सुसंगत आहेत, आणि त्यांतील अनेकांवर उपाय करणे रुग्णालयाच्या हाती आहे. उपचाराचा अंदाजी खर्च अगोदर सांगणे, शस्त्रक्रियेची आवश्यकता व तिचे पर्याय नातेवाइकांसमक्ष समजावणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास आडकाठी न करणे, अहवालातील मजकूर सोप्या मराठीत उलगडून सांगणे, यांस मोठे भांडवल लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब लपवाछपवीची आहे. “गावातलं औषध केलं” असे म्हणताच ज्याला रागावले जाते, तो पुढच्या वेळी सांगतच नाही. मग डॉक्टरांना न कळता दोन औषधांचा परस्परांवर परिणाम होतो. साखर एकाएकी उतरते, रक्त अधिक पातळ होते, यकृताच्या विकाराचे कारण सापडत नाही. म्हणून केसपेपरवर नाव-गाव, वय यांच्या खालोखाल एक प्रश्न कायमचा छापलेला असावा : “याशिवाय आणखी कोणते औषध चालू आहे?” आणि तो विचारणाऱ्याच्या स्वरात अधिक्षेप नसावा. त्याचप्रमाणे परिसरातील पदवीधर वैद्य, हकीम आणि हाडवैद्य यांच्याशी परिचय ठेवून कोणता रुग्ण विनाविलंब पुढे पाठवावा याची समज परस्परांत निर्माण करता येईल. रुग्ण आधी त्यांच्या दारी जातो. त्याला वेळेत वळवणेही त्यांच्याच हाती आहे.

देणगीदार, सभासद व हितचिंतक यांना या निमित्ताने विनंती आहे की, आपापल्या गावात हा विषय बोलता ठेवावा. कोणत्या दुखण्याला सवड देता येते आणि कोणत्याला नाही, एवढे जरी घरोघर पोहोचले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. कोणीही कोणतेही औषध घेऊन आलेला असो, त्या पुडीसह त्याने निःसंकोच यावे आणि आल्यावर ती डॉक्टरांसमोर ठेवावी, इतका विश्वास या दारात मिळावा, हीच विनम्र अपेक्षा.